सत्तेचाळीस नंबर सापडत नाही

मी ठशाचा हातोडा बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण सरकारी कागदांनुसार मी हरवलेलो आहे, आणि हरवलेल्या वस्तूनं मोठ्यानं बोलणं बरं दिसत नाही.

माझी एक बाजू कुऱ्हाडीच्या पात्यासारखी आहे. तिनं झाडाची साल तासायची. दुसऱ्या तोंडावर सत्तेचाळीस हा आकडा उलटा उठवलेला आहे. तासलेल्या जागी तो हाणला की झाडावर सुलटा उमटतो. उमटला की ते झाड सरकारच्या लेखी मेलं. ते उभं असतं, पानं हलवत असतं, पाखरं त्यावर भांडत असतात, पण ते मेलेलं असतं. मग तोडणारे येतात आणि राहिलेला उपचार पार पाडतात.

मी सरकारी कारखान्यात जन्मलो. माझ्याबरोबर माझे शंभरएक भाऊ झाले, एकासारखा एक, फक्त तोंडावरचा नंबर वेगळा. लोहारानं मला तीनदा तापवलं, मन मानेल तितकं ठोकलं आणि पोत्यात टाकलं. लाड म्हणावेत तर तेवढेच.

तिथून मी एका वनरक्षकाच्या हाती आलो. झऱ्याजवळच्या पंधरा घरांच्या वस्तीतली माणसं त्याला गार्डदादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. एकतीस वर्षं आम्ही बरोबर काढली. मी त्याच्या कमरेला चामड्याच्या म्यानात असायचो, नाहीतर लोखंडी पेटीत कुलपात. आठवड्याला तेल. काढताना सही, ठेवताना सही. नियमच तसा होता: हातोडा ज्याच्या हातात, जंगल त्याच्या हातात, म्हणून हातोडा हरवणं हा आमच्या खात्यातला सर्वांत मोठा गुन्हा. झाडं हरवली तर चौकशी होते. हातोडा हरवला तर नोकरी जाते.

दादाची थोरली बहीण त्याच वस्तीत राहायची. तिला सगळे ताई म्हणत. दादा डोक्यानं पांढरा झाला तरी तिच्या लेखी तो ‘धाकट्या’च होता. मला तेल लावताना पाहिलं की ती म्हणायची, “बायकोचा वाढदिवस विसरतोस, पण ह्याचा शनिवार चुकवत नाहीस.”

“बायको हरवली तर मला कोणी निलंबित करणार नाही, ताई,” दादा म्हणायचा.

“करायला हवं,” ताई म्हणायची.

माझ्या हयातीत धोरणं तीन झाली. धोरण म्हणजे साहेबाच्या खोलीतला फिरता पंखा. तो ज्या बाजूला वळतो तिकडचे कागद उडतात, आणि गोळा करायला शिपाई धावतो. आमच्या खात्यात तो शिपाई म्हणजे दादा.

पहिलं धोरण होतं, जुनी झाडं राखा. जी तोडायची नाहीत त्यांना पिवळा पट्टा मारायचा. दादानं डबा आणि ब्रश घेऊन अख्खा डोंगर पालथा घातला होता. दुसरं धोरण होतं, लोकांना विचारा. त्या दोन वर्षांत मी पेटीतच पडून होतो, कारण सगळा वेळ सभांत गेला. झाडांपेक्षा खुर्च्याच जास्त लागल्या. तिसरं धोरण आलं ते असं की जुनी, वाकडी झाडं नुसती जागा अडवतात. ती काढा आणि भराभर वाढणारी सरळ झाडं लावा. जी तोडायची त्यांना पट्टा मारा, असा हुकूम निघाला. पट्टा कोणत्या रंगाचा? पिवळा. का? तर पिवळा रंग गोदामात शिल्लक होता.

इथूनच सगळं बिघडलं.

वस्तीच्या वरच्या अंगाला झरा आहे. वस्तीचं सगळं पाणी तिथलंच. झऱ्याच्या काठावर एक झाड आहे, त्याला सगळे ‘वाकडं’ म्हणतात. त्याच्या लाकडाचं धड एक स्टूलसुद्धा व्हायचं नाही. बुंधा पोकळ, फांद्या पाहुण्यांसारख्या कुठंही पसरलेल्या. पण काठाची माती त्याच्या मुळांनी धरून ठेवली आहे. पलीकडच्या ओढ्यावर असंच एक झाड होतं. ते तोडलं आणि पुढच्याच पावसाळ्यात दरड खाली आली. तिथला झरा आधी गढूळ झाला, मग बंद झाला. तिथली सहा घरं आता रिकामी आहेत. हे दादानं पाहिलं होतं. म्हणून पहिल्या धोरणाच्या वेळी त्यानं वाकड्याला स्वतःच्या हातानं पट्टा मारला होता. दोनदा, एकावर एक.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना ठसे मारायचा हुकूम आला. यादीत एकशे बारा झाडं. सोमवारी सकाळपासून धुकं होतं आणि चष्म्यावर सारखं पाणी जमत होतं. तो पुसून पुसून दादाच्या सदऱ्याचं टोक ओलं झालं, मग त्यानं पुसणंच सोडलं. पिवळं दिसलं की तासायचं, तासलं की हाणायचं. दुपारपर्यंत हात आपोआप चालायला लागला. हाताला एकदा लय सापडली की तो डोक्याला विचारत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पिवळं दिसलं. साल उडाली. मी बसलो.

आवाज पोकळ आला. दादा थबकला, आणि पलीकडून घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

“धाकट्या,” ताई म्हणाली, “हे काय केलंस रे?”

दादानं चष्मा पुसला. समोर वाकडं होतं. त्याच्या छातीवर सत्तेचाळीस, ताजा, ओला. घाव माझाच होता. मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी मला दांड्यापासून निसटून पडावंसं वाटलं.

मंगळवारी दादा मला घेऊन कचेरीत गेला. साहेब तरुण, सभ्य, आणि कागदाबाहेरच्या जगाबद्दल पूर्ण अजाण.

“यादीत एकशे बारा आहेत, ठसे एकशे तेरा. म्हणजे यादी चुकली,” साहेब म्हणाले.

“यादी बरोबर आहे, साहेब. ठसा चुकलाय. मीच मारला.”

“ठसा कसा चुकेल? ठसा सरकारचा असतो.”

“झरा जाईल, साहेब. पंधरा घरं आहेत खाली.”

“मग ठसा रद्द करण्याचा अर्ज द्या. वर जाईल. तीन-चार महिन्यांत होऊन जाईल.”

“तोड गुरुवारी सुरू होतेय.”

साहेबांनी मनापासून विचार केला. “मग अर्ज आजच द्या,” ते म्हणाले.

बाहेर तोडणाऱ्यांचा मुकादम भेटला. दादानं त्याला ते एक झाड सोडायची विनंती केली. मुकादमानं कान धरले. “दादा, ठशाचं झाड तोडलं नाही तर नोटीस मला येते. बिनठशाचं तोडलं तर तुरुंग. मी आपला मधला माणूस, दोन्हीकडून वाजणारा. तुम्ही काहीतरी लेखी आणा, मी ते राखीसारखं जपेन.”

“लेखी तीन महिन्यांनी येईल.”

“मग तीन महिन्यांनी लावू हो दुसरं,” मुकादम म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळून निघून गेला.

अर्ज घेणारा मोठा कारकून मात्र कचेरीत भिंतीइतका जुना होता. त्यानं अर्जावर शिक्का मारला, तारीख घातली आणि दादाला समोर बसवून चहा मागवला. 

“नियमांचं पुस्तक कोणी वाचत नाही,” तो म्हणाला. “करमणूक म्हणून मी वाचतो. आता नियम चौदा बघा. हातोडा गहाळ झाला तर त्या हंगामातले त्या नंबरचे सगळे ठसे संशयित. तोड बंद. नवा हातोडा, नवी पाहणी, नवे ठसे. वर्ष सहज जातं. किती त्रास, नाही? बरं झालं तुमचा हातोडा तुमच्या कमरेलाच आहे.”

 दादाचा हात माझ्यावर आला. तळवा गार पडला होता.

“हातोडा हरवणाऱ्याचं काय होतं?” त्यानं विचारलं.

“नोकरी तर तुमची तशीही दोन महिन्यांत संपतेय. मग उरते सेवापुस्तकात तांबडी शाई,” कारकून म्हणाला. “चहा निवतोय तुमचा.”

बुधवारी सकाळी दादानं मला पेटीतून काढलं. वहीत सही केली. तेल लावलं, शनिवार नसताना. तेव्हाच मला संशय आला.  झऱ्यावर कोणी नव्हतं. त्यानं मला म्यानासकट वाकड्याच्या ढोलीत सोडलं, हात पोचेल तितकं खोल. एकतीस वर्षं ज्यानं मला एकदाही जमिनीवर टाकलं नाही, तो वळून न बघता गेला. बारा वाजता त्यानं कचेरीत जाऊन सांगितलं, की सत्तेचाळीस नंबर सापडत नाही.

गुरुवारची तोड थांबली. शोध सुरू झाला.

माणसं मला शोधत असताना मी ज्या भीतीत होतो, तशी भीती एखाद्या चोरालाही वाटत नसेल. चोराला निदान पळता येतं. एकशे तेराच्या एकशे तेरा झाडांखालचा पालापाचोळा उपसला. ओढ्यात काठीला चुंबक बांधून फिरवलं. दोन डबे आणि एक घोड्याचा नाल मिळाला, त्याची रीतसर नोंद झाली. दमलेली माणसं मग वाकड्याच्याच सावलीला येऊन बसली. एकानं पिशवी ढोलीशेजारच्या खुंटाला अडकवली. तिच्या बंदाचं टोक ढोलीत लोंबून माझ्या म्यानाच्या पट्ट्याला घासत होतं. “म्हातारा विकून आला असेल हातोडा,” तो म्हणाला. दुसरा हसला. मी तिथंच, हातभर अंतरावर, सगळं ऐकत होतो. सापडलो तर दादा निष्काळजी नाही, खोटारडा ठरणार. आणि वाकडं त्याच दिवशी आडवं होणार. ओरडून दादाची बाजू घ्यावी तर तोच फसणार. अशी गोची कोणाच्या वाट्याला येऊ नये.

ताईला काहीच ठाऊक नव्हतं. ती झऱ्यावर दादाला म्हणाली, “तू हातोडा हरवलास? तू? सगळी वस्ती हसतेय. निदान उत्तर तरी नीट दे, कुठं पडला ते आठवत नाही म्हणे!”

“वय झालं, ताई,” दादा म्हणाला. एवढंच.

दोन दिवसांनी ती घागर भरायला आली तेव्हा ढोलीच्या तोंडाशी थांबली. त्या पिशवीच्या बंदाबरोबर ओढला गेलेला माझ्या म्यानाचा पट्टा बाहेर लोंबत होता.  तिनं पट्टा आत ढकलला, वर मूठभर पालापाचोळा कोंबला आणि झाडाला की मला कोण जाणे, म्हणाली, “लहानपणापासून ह्याला वस्तू लपवता येत नाहीत.” खाली जाताना ती पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवसापासून तिनं दादाला एक शब्दानं टोचलं नाही. दादाला त्याचीच जास्त काळजी वाटत होती.

चौकशी झाली, हे मला झऱ्यावरच्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर तांबड्या शाईत ‘निष्काळजी’ लिहिलं गेलं. निरोपाचं भाषण झालं नाही. एकतीस वर्षांची नोकरी एका शब्दात मावली.

वर्षानं नवा हातोडा आला, नंबर एक्क्याण्णव, आणि त्याच्यासोबत नवी गार्ड बाई. जुने ठसे तपासत दोघं वर आली; मागं यादी घेऊन मोठा कारकून, धापा टाकत. बाईनं वाकड्याला हातोड्याच्या पाठीनं ठोकलं. आतून मी वाजलो. मला वाजायचं नव्हतं हो! पण लोखंडाला लोखंडानं हाक मारली की ओ दिली जाते.

बाईनं कान टवकारले. पालापाचोळा काढला आणि हात आत घातला. तिची बोटं म्यानावरून फिरली, तोंडाशी आली आणि उलट्या आकड्यावर थांबली. चार. सात. बोटांनी ती मला वाचत होती. खाली झऱ्यावर घागरी वाजत होत्या.

“काय आहे हो बाई आत?” कारकुनानं विचारलं. तो दुसरीकडे बघत होता.

बाईनं हात बाहेर काढला, मनगटावरची माती झटकली. “काही नाही. पोकळ आहे.”

“नुसतं पोकळ?”

“पोकळात काय असतं, काका? पोकळच असतं. लिहा, लाकूड निरुपयोगी, ठसा रद्द.”

कारकुनानं लिहिलं. इतक्या सुवाच्य अक्षरात मी त्याला कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून म्हणा, मी ढोलीत. पण लेखणी कागदावर सावकाश चालल्याचं ऐकू येत होतं.

त्याला आता चार वर्षं झाली. मला गंज चढलाय. चारचं टोक झिजलं, सात अजून शाबूत आहे. बाहेर वाकड्यानं माझा ठसा जवळजवळ गिळलाय, नवी साल चारी बाजूंनी त्याच्यावर सरकतेय. दादा अधूनमधून येतो, ओंजळीनं पाणी पितो, बुंध्यावर बोटानं दोन टिचक्या मारतो. ढोलीकडे बघत नाही. मी गप्प राहतो. आमचं तेवढं बोलणं पुरतं.

पण काळजी सुटत नाही. झऱ्यावरच्या बायका बोलत होत्या, चौथं धोरण येतंय म्हणे. पोकळ झाडांत पाखरं राहतात, म्हणून पोकळ झाडं मोजायची. प्रत्येक ढोलीत दिवा धरून बघायचं आणि फोटो काढायचा. सरकार कधी नव्हे ते झाडांवर प्रेम करायला निघालंय, आणि मला घाम फुटलाय.

तेव्हा तुम्ही कधी त्या वाटेनं आलात तर पाणी प्या, सावलीला बसा. वाकड्याला नावं ठेवलीत तरी त्याला राग येत नाही. पण ढोलीत हात घालू नका. आणि घातलाच, आणि बोटांना गार लोखंड लागलं, तर आत काय आहे असं कोणी विचारेल. काय सांगायचं, ते बाई सांगून गेल्या आहेत.