दोन सेनापतींची किटली

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी किटली आहे. मी लढाई पाहिली, पण माझ्या पोटात दारूगोळा कधीच नव्हता, कॉफीच होती.

व्हर्जिनियातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून घडवलं. डॉर्कसने मला विकत घेतलं, कारण तिचा भाऊ जोसाया वेंडोव्हर आणि नवरा लूशस हारग्रेव्ह, दोघेही कॅप्टन, पश्चिमेच्या सरहद्दीवर निघाले होते.

"दोघांत मिळून एकच देतेय," ती म्हणाली. "भांडायला तरी एका जागी बसाल."

किती सुखाचे दिवस होते ते! जोसायासाहेब कॉफी करत आणि लूशससाहेब तिला नावं ठेवत. मग एके दिवशी बातमी आली, की गुलामगिरीच्या वादावरून व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं. लूशससाहेब सामान बांधू लागले.

"घर तिकडे आहे, जोसाया. आपल्याच माणसांवर बंदूक रोखू?"

"आणि माणसं बाजारात विकता यावीत म्हणून लढशील? मी शपथ घेतली ती अख्ख्या देशाची."

लूशससाहेबांनी पेटीचा पट्टा आवळला. "डॉर्कस तुझं तोंड पाहणार नाही."

"ठाऊक आहे. किटली तरी ने."

"तूच ठेव. बंदरं बंद पडली की तिकडे कॉफी कुठली मिळायला! मक्याचे भाजके दाणे उकळून हिला कशाला बाटवू?"

दोघेही पुढे जनरल झाले, एकमेकांच्या समोर. शिपाई मला लाडाने 'आमची काळी' म्हणत. पण जोसायासाहेबांच्या पाठीमागे कुजबुज चालायची, की हा व्हर्जिनियाचा माणूस, कधी फिरेल नेम नाही.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी एका चकमकीत लूशससाहेब जखमी होऊन आमच्या हाती लागले. दुपारी जोसायासाहेब स्वतः मला घेऊन त्यांच्या तंबूत गेले. लूशससाहेब तापाने फणफणले होते. त्यांना वाटलं, आपण जुन्या ठाण्यावरच आहोत.

"अजून चिखलच करतोस की रे," एक घोट घेऊन ते हसले. "ऐक, जोसाया, माझी फौज उद्या नदी ओलांडणार आहे, ती..."

ऐकून घेणं हे जोसायासाहेबांचं कर्तव्य होतं. पण ते एकदम ताठ उभे राहिले.

"जनरल हारग्रेव्ह, तुम्ही शत्रूच्या तंबूत आहात. तोंड आवरा!"

इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यांनी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. लूशससाहेब खाडकन भानावर आले आणि कूस वळवून रडले.

बाहेर उभ्या अधिकाऱ्याने विचारलं, "काही बोलला का?"

"कॉफी वाईट आहे म्हणाला."

दुसऱ्या दिवशी शत्रू वरच्या अंगाने, जिथे आमचा पहारा नव्हता तिथून, नदी ओलांडून आला. आमची किती तरी पोरं परतली नाहीत. साहेबांनी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही उमगत नाही. पण तेव्हापासून त्यांनी माझ्यातली कॉफी घेतली नाही. लढाई संपल्यावर त्यांनी मला गोठ्यात टाकलं. माझ्यावर गंज चढला, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. मला वाईट वाटायचं, पण राग कधी आला नाही.

एका सकाळी दारात गाडी थांबली. कुबडीवरचे लूशससाहेब उतरले आणि त्यांच्यामागून डॉर्कस.

"तू तंबूत यांना गुपित फोडू दिलं नाहीस, हे यांनी काल सांगितलं मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं दोघांनी तोंड शिवून ठेवलंत!"

"माझी पोरं गेली त्यात, डॉर्कस," जोसायासाहेब म्हणाले. "शाबासकी देऊ नकोस."

"शाबासकी कोण देतंय? दादा, माझी किटली कुठाय?"

तिने मला गोठ्यातून शोधून आणलं आणि वाळूने घासघास घासलं. मग तिघं पायरीवर बसले. मी तीनदा भरले आणि तीनदा रिकामी झाले.

मित्रांनो, मला जपा असं सांगायला हवं, पण माझं काय, गंज घासला की जातो. दूर गेलेल्या आपल्या माणसाकडे मात्र वेळेवर जा. डॉर्कस आली खरी, पण त्यानंतर जोसायासाहेबांच्या वाट्याला एकच हिवाळा उरला होता.