क्रांतीच्या बापाचं रक्त नेलेली पेटी

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात फ्रीजच्या मागे जी जुनी निळी बर्फाची पेटी दिसते, ती मी.

पंच्याण्णव साली मी इथं आले. तेव्हा माझ्यातून पोलिओचे डोस कोडोलीला जात. मला बघताच पोरं भोकाड पसरत. तेवढा मान पुन्हा मिळाला नाही. पुढं रक्ताच्या नळ्या आल्या. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचं आणि रिकामं परत यायचं. कुणाचं काय झालं, ते पेटीला कोण सांगणार?

दोन हजार चार साली गडमुडशिंगीची क्रांती आली, नऊ वर्षांची. तिच्या हाडांतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, रक्त करायचं विसरला होता. दुसऱ्याचा मगज मिळाला तरच ती जगणार होती. पण त्यासाठी नुसता रक्तगट जुळून भागत नाही. शरीर आपलं-परकं ज्या खुणांवरून ओळखतं, त्या खुणांची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून जुळवावी लागतात. तिच्या दोन्ही भावांचं रक्त मी नेलं. जुळलं नाही.

मग डॉक्टरांनी आईबापाला विचारलं, लग्न नात्यातलं आहे का? बाप कृष्णात भिंतीकडं बघत "नाही" म्हणाला. आधीच्या एका डॉक्टरानं त्यावरून चारचौघांत टोचलं होतं. तेव्हापासून दोघं ही गोष्ट झाकूनच ठेवत.

डॉक्टर बाहेर गेले. आई मीनाबाई हळूच म्हणाली, "खोटं कशाला बोललासा? मी तुमच्या मामाचीच लेक न्हवं?"

"पोरीला त्यानंच झालं म्हणतील."

रक्त काढणारी शालूबाई बोळे गुंडाळत होती. ती म्हणाली, "म्हणणाऱ्याचं मी बघते. तुम्ही आधी डॉक्टरांना सांगा जावा."

डॉक्टर रागावले नाहीत. एरवी आईबापाचं निम्मंच जुळतं, म्हणाले. पण नात्यातल्या लग्नात दोघांकडं एकच वारसा आलेला असला, तर एखाद्याचं पुरतंही जुळतं. दोघांचं रक्त घेतलं. त्या वेळी गाडीत सीटखाली मी एकटी, पोटात दोनच नळ्या. एवढं जड ओझं मी कधी वाहिलं नव्हतं.

बापाचं जुळलं. अगदी बारकाईनं वाचूनही जुळलं. ते ऐकून कृष्णात मटकन बसला, तो माझ्यावरच. माझं झाकण पिचलं. थंडावा राहीना, म्हणून मला फ्रीजमागे सारलं. क्रांती मुंबईला गेली. पुढचं मला कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारणार?

दोन वर्षांनी तपासणीला एक पोरगी आली, दोन वेण्या घातलेली. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून मला ओढून माझ्यावर बसली आणि चपलांसकट पाय हलवत राहिली. शालूबाई म्हणाली, "क्रांते, नीट बस की."

मित्रांनो, डॉक्टरांपासून घरचं काही झाकू नका, आणि कुणी धीर करून सांगितलं तर त्याला टोचू नका. जुन्या वस्तू जरूर पुसत जा. फक्त माझ्या अंगावर लहान चपलांचा धुरळा आहे, तेवढा राहू द्या.