इवायाच्या दारातला रस्ता

"फुली सोडा काका, आता मशीन इथं लावा," रस्ता तपासायला आलेल्या आकांक्षा मॅडम म्हणाल्या आणि खुशालराव मशीन धरून फुलीवरच उभे राहिले.

फुलीचं असं आहे. सिमेंटचा रस्ता नवा झाला की मशीननं भोक पाडून आतला गोल तुकडा काढतात. त्याला म्हणतात कोर, आणि त्यावरून रस्त्याची जाडी कळते. भोक कुठं पाडायचं ते खरं तर तपासणाऱ्यानं ठरवायचं. पण या ठेकेदारांनी आदल्या दिवशीच चुन्याच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. फुलीखाली माल कसा, दाबून भरलेला! तिथले कोर मघाशीच छान निघाले होते.

आणि ठेकेदार कोण, तर खुशालरावांचे व्याही, इकडच्या बोलीत इवाई, गोवर्धनराव. लेक दामिनी त्यांच्याच घरात दिलेली. लॅबचा दुसरा माणूस आजारी पडला म्हणून मशीन चालवायला अकोल्याहून खुशालरावांना धाडलं. गाडीत मॅडमना नातं सांगू सांगू म्हणता अकोट मागं पडलं, तेल्हाराही गेलं आणि सांगायचं राहूनच गेलं.

आता मॅडमचं बोट नेमकं व्याह्यांच्या दारासमोर!

"इवाईबुवा," ओसरीवरून गोवर्धनराव म्हणाले, "मॅडमले समजवा न. फुल्या काय आमी रांगोळी म्हून काढल्या काय?"

"मॅडम, फुलीवरचे तर चांगले निंगाले न," खुशालराव पुटपुटले.

"निघणारच. म्हणून तर इथं बघायचंय."

गोवर्धनराव खाली उतरून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "लेक आमच्या घरात हाय तुमची. ध्यानात ठेवजा."

रस्ता नापास झाला तर तो उखडून पुन्हा करावा लागणार. त्याचा राग निघणार कोणावर? दामिनीवरच की! आणि तिला तर सातवा महिना. घट्ट बसलेले नट खुशालरावांनी पुन्हा आवळले. रुमाल काढला, ठेवला, पुन्हा काढला. मशीन बिघडलं म्हणावं का? तेवढ्यात पाण्याचा डबा हाताला लागला. रिकामा! देवच पावला म्हणायचा.

"पाणी संपलं, मॅडम. पाण्याबिगर पातं जळते. आता उद्या येऊ."

"गावात पाणी मिळणार नाही?"

"नळच नाही आले आज," गोवर्धनराव म्हणाले. आजूबाजूच्या ओसऱ्यांवर माणसं होती, पण पाणी आणायला एकही उठला नाही.

खुशालरावांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. उद्या दुसरा कोणी येईल, त्याचं तो बघेल. ते मशीन उचलायला वाकले, आणि दारातून दामिनी बाहेर आली. डोक्यावर पदर, कमरेवर पाण्यानं भरलेला पितळी गुंड. सासऱ्यांच्या शेजारून ती सरळ रस्त्यावर आली.

"घ्या बाबा, पानी."

"तू घरात जाय बाई. काहून आली?"

"मांगच्या पावसाळ्यात जाऊबाईले बाळंतपणाले चिखलातून खाटेवर नेलं होतं. तवा बी रस्ता नवाच होता. आता माही पाळी हाय." तिनं गुंड कलता केला. "सुरू करा."

खुशालरावांनी लेकीकडं पाहिलं, व्याह्यांकडं पाहायची हिंमत झाली नाही. त्यांनी मशीन सुरू केलं. ती पाणी ओतत राहिली. राखाडी गाळ तिच्या पावलांवरून वाहत गेला.

कोर हातात आला. मघाच्या तुकड्यांच्या निम्माही नव्हता, आणि खालून भुसभुशीत. मोजायला टेप कशाला हवी? मॅडमनी तरी मोजला, फोटो काढला आणि पिशवीत ठेवला.

"दामिनी, आत हो," गोवर्धनराव म्हणाले.

तिनं रिकामा गुंड उचलला, पदर सारखा केला आणि आत गेली. मागोमाग गोवर्धनराव गेले. भर दुपारी त्या घराचं दार लागलं.

खुशालराव भोक बुजवायला बसले. माल भरला, ठोकला, वरून थापी फिरवली.

"काका, झालं ना? निघू या," मॅडमनी गाडीतून हाक मारली.

"निंगू मॅडम. जरा पक्कं बसू द्या," ते म्हणाले, आणि दाराकडं कान लावून, बुजलेलं भोक पुन्हा ठोकत बसले.