खांड गेलेला तारा

आबा आठवले की आधी मिठागरावरचे ऊन डोळ्यांत शिरते. माघ-फाल्गुनात वाफ्यांतले खाडीचे पाणी आटत येई, त्यावर मिठाची पहिली पातळ साय धरू लागे, आणि त्या शुभ्र दाहाकडे सबंध दिवस पाहून आबांचे डोळे इतके बारीक झालेले असत, की ते हसताहेत की त्रासले आहेत हे कळत नसे. चालताना पावलांखाली मीठ करकरायचे. पेणच्या खारेपाटातल्या आमच्या गावात त्यांच्याइतका कमी बोलणारा माणूस दुसरा नव्हता, आणि मी त्यांची मुलगी असूनही त्यांच्या मौनाला जरा भीतच असे.

त्या मौनाच्या तळाशी एक खांड होती. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेले भगदाड; बांध फुटला की खांड गेली म्हणतात. मी पहिलीत असताना श्रावणातल्या उधाणाला ती गेली आणि आमची भाताची जमीन एका भरतीत खारी झाली. पुढे तिथे खाऱ्या चिखलातल्या तिवरांचे रान माजले. आबा कायमचे मिठागरावर गेले आणि त्या शेताचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. आम्हीही काढले नाही. गप्प बसणे आमच्या घरात सगळ्यांनाच छान जमते.

मी शिकले, दूर गेले आणि उपग्रहांनी टिपलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा अभ्यास करू लागले. आबांची नजर अधू झाल्यावर दादाने त्यांना रोह्याजवळच्या अष्टमी गावी आपल्या घरी आणले. दादा धाटावच्या कंपनीत शिफ्टला गेला की आबा गॅलरीत बसून वाल सोलत, आणि कुंडलिका नदीवरचा वारा त्यांच्या पांढऱ्या केसांशी अगदी सलगीने खेळत असे. तिथेच एका दुपारी त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारले, "तू करतस तरी काय गो?"

मी हरखून गेले. शेजारच्या एका आकाशगंगेतून नुकताच एक लखलखाट येऊन गेला होता, तोच त्यांना सांगत सुटले. आमच्या अंदाजाने, पेणहून निघावे आणि नागोठणे येण्याआधी संपावा एवढासाच तारा, पण वजनाने सूर्याहून भारी; त्याच्या अंगात असे प्रचंड चुंबकत्व कोंडलेले, की वर्षानुवर्षे त्याचा ताण सोसून एक दिवस वरचे कवच तडकते, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत, सूर्याला लाख वर्षे पुरावे इतके तेज बाहेर पडते. ते तेज एक कोटीहून अधिक वर्षे चालत आपल्यापर्यंत आले. "आम्ही याला महाज्वाला म्हणतो," मी जरा ऐटीत म्हटले.

आबांचे हात थांबले. "ज्वाला कशाची? ही तर खांड हाय," ते म्हणाले. "बांध काय येका दिसात फुटत नाय. आतल्या आत पोखरत जातो, वरून हिरवा दिसतो. मंग येका दमात जातो." त्यांनी एका तळव्यावर दुसरा तळवा दाबून धरला आणि झटक्यात सोडला. इतकी वर्षे शब्दकोश धुंडाळून मला न सापडलेला शब्द त्यांच्या तोंडात होता, आणि तो उच्चारायला त्यांना माझे सगळे बालपण लागले होते.

मग त्यांनी विचारले, "खांड गेल्यावर तारा राहला का सपला?"

नेमके हेच आम्हाला ठाऊक नव्हते. दोन तारे एकमेकांवर आदळले तरी असाच लखलखाट होतो, पण त्यात ते तारे संपतात. खांड गेली असेल तर मात्र तारा मागे उरतो. "अजून ठरले नाही, आबा," मी म्हटले. त्यांनी पुन्हा वाल सोलायला घेतले. ते शेताबद्दल विचारत होते की स्वतःबद्दल, हे मी विचारले नाही. पण त्या दिवसापासून मला त्या ताऱ्याची काळजी वाटू लागली, घरचे माणूस दवाखान्यात असावे तशी. दर फोनला त्यांचा एकच प्रश्न असे, "राहला का गो?"

पुढे त्यांना फोनवर ऐकू येईनासे झाले. निकाल लागला तेव्हा मी सुटी काढून थेट अष्टमीला गेले. तारे आदळले असते तर अवकाशाला बसलेला हादरा आमच्या यंत्रांना जाणवला असता. तसा काहीच जाणवला नव्हता. आबा आता खाटेवरच असत. मी कानाशी वाकून मोठ्याने म्हटले, "आबा, राहिला!"

त्यांच्या बारीक डोळ्यांतून पाणी आले. "ती जमीन पन गोड व्हती गो," ते म्हणाले, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या शेताविषयीच बोलत राहिले: कुठल्या कोपऱ्यात पाणी साचे, कुठला भात आधी पिवळा होई, आई न्याहारी घेऊन कुठल्या बांधावरून येई. त्याच वर्षी, पोह्यांसाठी लावतात तो भात कापणीला आला होता तेव्हा, आबा गेले.

तो तारा खांड गेल्यानंतरही राहिला, एवढेच मला ठाऊक आहे, आणि तेही कोटी वर्षांपूर्वीचे. आज या घटकेला तो आहे की नाही, हे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. आबांविषयी मात्र कुणी सहज चौकशी केली, तर सगळे ठाऊक असूनही माझ्या तोंडून अजून "आहेत" असेच निघून जाते.