चिकटलेलं म्यूटचं बटण

रिमोटचं म्यूटचं बटण आत गेलं ते वर यायलाच तयार नव्हतं. टीव्हीवरची माणसं नुसते ओठ हलवत होती आणि माझे मिस्टर समोर बसून चिडत होते. उदगीर जिल्हा होणार, मग आमचं अहमदपूर तिकडं जाणार का लातूरलाच राहणार, ही बातमी त्यांना रोज संध्याकाळी लागायची. तहसीलला कारकून माणूस, नव्या जिल्ह्यात आपली खुर्ची कुठं पडेल हेच डोक्यात. रिमोट मांडीवर आपटून म्हणाले, उद्या नवाच आणतो. मी म्हटलं, राहू द्या, उद्या रविवार आहे, मी उघडून बघते.

हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून म्हटलं एवढंच. सोमवारी मैत्रीला लातूरला न्यायचं होतं.

मैत्री आमची मुलगी, सव्वादोन वर्षांची. तिच्या वयाची गल्लीतली पोरं दिवसभर बडबडतात. ही दुपारी झोपली की मी शाळेत शिकवून परत आले तरी उठायची नाही. उठली तरी डोळे जड, मान माझ्या खांद्यावर. बोलायची म्हणजे आई, बा आणि पाणी. लातूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, कान बघितले आणि म्हणाले, भूल देऊन मेंदूचा स्कॅन करून घेऊ. भूल हा शब्द ऐकल्यापासून मला घास जात नव्हता. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची.

रविवारी मी घरी असले की मात्र ती जागी असायची, नुसती किरकिरायची. तेही मी डॉक्टरांना सांगितलं होतं. शेजारच्या खुर्चीवरून हे म्हणाले, ‘हिचा स्वभावच काळजीचा आहे, डॉक्टर. लेकराला तेच लागतंय.’ डॉक्टर हसले. मीही हसले. घरी काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं, तर मी नाही म्हटलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

रविवारी सकाळी जुना पेपर अंथरून मी रिमोट घेऊन बसले. सेल काढले, सेलच्या खाचेतला स्क्रू काढला, कडेच्या फटीत सुरीचं टोक घातलं तसे दोन भाग सुटले. आत रबराची पट्टी, सगळी बटणं तिलाच जोडलेली. खालच्या हिरव्या पट्टीवर धूळ होती, ती सगळीकडं सारखी. चिकट मात्र फक्त म्यूटच्या भोवती होतं, आणि शेजारच्या आवाज कमी करायच्या बटणाला थोडं.

ड्रेसिंगचं स्पिरिट घरात होतं. कापूस बुडवून घासलं, तर चिकटपणा हलेना. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. स्पिरिटनं जात नाही म्हणजे साखर असेल असं वाटलं. वाटीच्या तळाला घोटभर पाणी घेतलं. त्या साली दुष्काळ होता, तेवढंसुद्धा घेताना हात अडखळायचा. रबराची पट्टी त्यात धरली आणि चिकट सगळं सुटून आलं. पाणी गुलाबी झालं. वास आला आणि माझे हात थांबले.

दिवाळीत मैत्रीला सर्दी झाली होती तेव्हा तिला दिलेलं औषध ते. आमच्या इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तीनच दिवस द्या, झोप फार येते यानं. उरलेलं मी स्वतः मोरीत ओतलं होतं.

मैत्रीनं सांडलं म्हणावं तर रिमोट तिच्या हाताला लागत नाही. ती चावते म्हणून तो कपाटावर असतो. दुपारी टीव्ही लावतात त्या फक्त आत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई. उंबऱ्यात बसून डाळ निवडत होत्या. मी वाटी पुढं धरली आणि विचारलं, हे औषध तुम्ही मैत्रीला देता का? त्या चपापल्या नाहीत. उठल्या, ज्वारीच्या डब्यामागून बाटली काढून माझ्या हातात दिली. झाकण चिकट होतं.

‘एकच झाकण देते. जास्त न्हाई देत म्या.’

पुढचं त्यांनी डाळ निवडता निवडताच सांगितलं. टँकरचा काही नेम नाही, दुपारी कधीही येतो. एकदा त्या मैत्रीला कडेवर घेऊन गेल्या, तर बायांच्या रेटारेटीत पोर घागरींच्या मधे पडलं. मी शाळेत, हे ऑफिसात, पाणी कोण आणणार? म्हणून मग झाकणभर औषध पाजायचं, पोर पेंगेपर्यंत टीव्ही लावायचा, आणि टँकरचा हॉर्न ऐकू यावा म्हणून आवाज बंद करून बसायचं.

बोटाला लागलेलं बटणाला लागत होतं, रोज.

‘ह्या देवाला म्या जायफळ उगाळून द्यायचे,’ त्या म्हणाल्या. देवा म्हणजे हेच, माझे मिस्टर. ‘काढणीला गेलं की बांधावर झोळीत निजायचा. काय झालं त्याला? कारकून हाय न्हवं? आता उगाळायला येळ कुठं हाय. देवा म्हणला, हे त्येच हाय, बाटलीतलं जायफळ.’

‘ह्यांनी आणून दिलं?’

‘मग म्या काय जाते मेडिकलात?’ त्यांनी मान वर केली. माझा चेहरा बघितला तशी त्यांच्या हातातली डाळ सुपात गळाली. ‘बाई, तुला ठाव हाय म्हणला त्यो.’

हे कोपऱ्यावरून पेपर घेऊन आले. चपला काढत विचारलं, झाला का रिमोट? मी बाटली टीव्हीवर ठेवली. ते बाटलीकडं बघत खाली बसले. मग बोलायला लागले ते थांबेचनात. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस. दोन महिन्यांत तुझी कायम ऑर्डर निघेल. उन्हाळ्यापुरतंच होतं, पाऊस पडला की बंद करणार होतो. मेडिकलवाला म्हणाला, लहान लेकरांचंच औषध आहे.

मी म्हटलं, ‘उद्या तिला भूल देणार होते.’

‘स्कॅनमध्ये काही निघणार नाही हे मला माहीतच होतं,’ ते म्हणाले. ‘तुझं समाधान झालं असतं.’

सहा वर्षं झाली लग्नाला. भांडण झालं तरी मला या माणसाची भीती कधी वाटली नव्हती. त्या क्षणी वाटली. इतके महिने मी मैत्रीच्या नाकाशी बोट धरत होते, आणि ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, झोप गं, काही नाही तिला.

‘माझ्याशी खोटं बोललास तू,’ आत्या मुलाला एवढंच म्हणाल्या.

दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. आत्या नेहमीसारख्या उठल्या, घागरीपर्यंत गेल्या, मग थांबल्या आणि घागर मुलासमोर आणून ठेवली. इस्त्रीचा शर्ट घालूनच गेले ते. मी रबराची पट्टी वाळवून बसवली, स्क्रू पिळला. म्यूटचं बटण दाबलं की खटकन वर यायला लागलं. मैत्री माझ्या मांडीवर जागी होती. किरकिरत होती, मला चावत होती. चावू दिलं.

सोमवारी मी एकटीच तिला घेऊन निघाले. हे स्टँडपर्यंत आले. येऊ का म्हणाले, मी नको म्हटलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, ‘डॉक्टरला मी दिलं म्हणू नको. आईनं चुकून दिलं म्हण. म्हातारं माणूस आहे, कुणी काही म्हणत नाही.’

चाकूर गेलं तरी मैत्री झोपली नव्हती. खिडकीबाहेर एका रिकाम्या विहिरीकडं बोट दाखवून म्हणाली, पाणी. मी म्हटलं, नाही गं, पाणी नाही त्यात.

डॉक्टरांनी तेच पुन्हा विचारलं, घरी काही औषध चालू आहे का. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर सारून नाव वाचलं, किती दिवस, किती झाकणं, सगळं विचारलं. स्कॅनचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, ‘आजीनं दिलं का?’

‘तिच्या वडिलांनी आणलं,’ मी म्हणाले. ‘त्या दिवशी या खुर्चीवर बसले होते ते.’