वाक्यात उपयोग

हेमाताईंना शब्दांची भारी हौस. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्या, पण खोड काही जाईना. वारज्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी त्यांचा एक इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि वाक्यात उपयोग यायचाच. शब्दाकडे कोण बघतंय हो! लोक टपलेले असायचे वाक्यावर. कारण त्यात सोसायटीतल्याच कुणालातरी, नाव न घेता, चिमटा काढलेला असायचा. ज्याला बसला तोच सगळ्यांच्या आधी हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

तर त्या दिवशीचा शब्द होता कँटँकरस. अर्थ दिला होता तिरसट, भांडकुदळ, कशानंच समाधान न होणारा. आणि वाक्य असं की, आमच्या विंगेतले कँटँकरस पाहुणे वॉचमनपासून पाण्याच्या पाइपापर्यंत सगळ्यांशी भांडतात.

पाहुणे म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, हेमाताईंचेच व्याही, सून नम्रताचे वडील वैजनाथराव. लातूरकडच्या खेड्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आलेले. ऑपरेशन झालं, डोळ्यांवर काळा चष्मा चढला, पण तोंडाला कुठली पट्टी? चहा पांचट, आमटी गोड, शेजारपाजारची दारं सदा बंद. खाली कुणी पाइप लावून गाडी धुताना दिसला, की जाऊन त्याची हजेरी घ्यायची. एवढंच कशाला, हेमाताई मेथी धूत होत्या तर मागून येऊन त्यांनी नळच बंद केला. हेमाताईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या वाक्यात उतरली.

ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग लागली. नम्रताही त्या ग्रुपवर आहे हे हेमाताईंना आठवलं नाही, असं मुळीच नाही. चांगलं आठवलं. असू दे, तिलाही कळू दे जरा, असं म्हणूनच त्यांनी पाठवायचं बटण दाबलं होतं.

संध्याकाळी वैजनाथराव खालून आले ते फुलूनच. बागेत कुणीतरी हसत हसत त्यांना सांगितलं होतं, की काका, तुमच्या विहीणबाईंनी तुमच्यावर इंग्रजीत लिहिलंय. नम्रता नुकतीच ऑफिसमधून येऊन ओट्यापाशी उभी होती. वैजनाथरावांनी खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं.

"विहीणबाई, त्या शब्दाचा अर्थ काय हो? गावाकडं फोन करून सांगावं म्हणतो."

"करारी," हेमाताई गडबडून म्हणाल्या. "म्हणजे कुणापुढे न वाकणारा."

म्हातारा चक्क लाजला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "खरं का गं?"

नम्रतानं मान वर केली नाही. "हो बाबा. करारी."

तिनं भांडण काढलं असतं तर हेमाताईंकडे उत्तरं होती. पण नम्रतानं नुसतं हेमाताईंचं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि ती आत निघून गेली. तिकडे वैजनाथरावांनी फोन हातात घेतला. मुलाला लावला, चुलतभावाला लावला, गावातल्या मास्तरांनासुद्धा लावला, पण नशीब, मास्तरांनी उचलला नाही. आपण इंग्रजीत कायम नापास, आणि आता आपल्यावरच इंग्रजी शब्द आलाय, हे ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. शिकलेली बाई हाय, उगं नाही लिहिणार, असंही म्हणत होते. शेजारच्या खोलीत हेमाताई हे सगळं ऐकत बसल्या होत्या. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी नम्रता कामावर गेली. हेमाताईंनी भरपूर पावडर घालून कडक चहा केला, वैजनाथरावांपुढे ठेवला आणि बसायचंही न सुचून उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खरा अर्थ सांगितला. वाक्य सांगितलं. आपण काल घाबरून खोटं बोललो, तेही सांगितलं. हात जोडले. आयुष्यात विद्यार्थ्यांकडून ढीगभर माफ्या मागून घेतल्या होत्या, स्वतःला मागायला मात्र शब्द सापडेना. "माझं चुकलं," एवढंच आलं.

वैजनाथरावांनी कप बाजूला सारला.

"म्हणून हसायलेत व्हय लोक," ते म्हणाले. मग विचारलं, "नम्रताला ठावं होतं?"

"हो."

त्यांनी काळा चष्मा काढला. डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी कडेनं पुसलाच.

"तिला सांगू नका मला कळलं म्हणून. बापाची लाज राखायला खोटं बोललं माझं लेकरू. ते वाया जाऊ देऊ नका."

रात्री जेवताना नम्रता त्यांना आणखी एक भाकरी वाढायला गेली. त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"नको म्हणलं की नको. कँटँकरस माणूस हाय मी. विचार तुझ्या सासूला."

नम्रतानं झटकन बापाचा चेहरा न्याहाळला. तिथं दुखावल्याचं काही दिसेना, तेव्हा ती मनापासून हसली आणि कालपासून पहिल्यांदाच हेमाताईंशी बोलली.

"हो ना आई?"

"हो," हेमाताई म्हणाल्या. "करारीच आहेत ते."

आणि ताटातून मान वर करायची काही त्यांची हिंमत झाली नाही.