नळ चावतो

"नळ चावतो," असं आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मुलगा हसला. नवीन बाथरूम होऊन महिनाही झाला नव्हता.

घर जुनं होतं, वडिलांनी घेतलेलं, पण मुलाने आतून पार पालटून टाकलं होतं. बाथरूमला पांढऱ्या टाइल्स, वर फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेला गिझर. मिस्त्रीने काम वेळेत उरकलं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि आई आंघोळ टाळायला लागली.

"चावतो म्हणजे काय होतं?" मुलाने विचारलं.

"बोटांना झिणझिण्या येतात. दंडापर्यंत जातात."

त्याने नळ सोडला, घट्ट धरून ठेवला. काही नाही. सुनेनेही धरून पाहिला.  पुढे आई ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायला लागली, कोणी विचारलंच तर "गारठा आहे" म्हणायची. मग एका सकाळी नळाला टॉवेल गुंडाळून तो फिरवताना सुनेने तिला पाहिलं.

"मला धास्ती वाटते," सून नवऱ्याला म्हणाली. "माझ्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी म्हणायची, भिंत हलते. नंतर माणसं ओळखेना."

डॉक्टरांनी आईच्या बोटांना टाचणी टोचून पाहिली, पायांना टोचून पाहिली आणि नसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी गुण आला नाही. तेव्हा विसराळूपणाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईला सांगितलं, डोळे तपासायला जायचंय.

त्याच आठवड्यात विजेची तपासणी करणारी बाई आली. घराचा विमा नव्याने काढायचा होता आणि जुन्या घरात नवं काम केलंय म्हटल्यावर कंपनीने तपासणी मागितली होती. बाई चाळिशीची, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च.

"मी काही फोडत नाही, उखडत नाही," ती दारातच म्हणाली. "डोळ्यांना दिसतं तेवढंच बघते. घाबरू नका."

सोफ्याखालचा एक्स्टेन्शन बोर्ड तिने पायाने बाहेर ओढला. त्याच्यावर टीव्ही, इस्त्री आणि मोबाइलचे दोन चार्जर लोंबकळत होते. "याला जरा श्वास घेऊ द्या," ती म्हणाली. फ्रिजच्या प्लगभोवती तपकिरी डाग पडला होता, त्याचा फोटो काढला. मुलगा मागे मागे फिरत होता, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्यासारखा.

आई खोलीतून बाहेर आली. "बाई, आमचा नळ चावतो हो. तोही लिहा."

सुनेने आईच्या पाठीमागून डोळ्यांनी खूण केली, मान किंचित हलवली. बाईला काय समजायचं ते समजलं.

"बरं आजी, लिहिते हं," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. तिने लिहिलं काहीच नाही.

बाथरूमच्या दाराशी ती थांबली. दाराबाहेर रबरी चपलांचे तीन जोड होते. दोन ओले, मळलेले. तिसरा कोराकरकरीत, पट्टीवरची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

"या कोणाच्या?"

"आईंच्या," सून म्हणाली. "नव्या टाइल्सवर पाय घसरतो, म्हणून सगळ्यांना आणल्या. आम्ही आंघोळीलाही घालतो. या ऐकतील तर ना!"

"चपला घालून आंघोळ करायची, तर धुवायचं काय? पाय की चपला?" आई मागून म्हणाली.

बाई वळली. खाली आईच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग आवाज बदलून तिने विचारलं, "आजी, नळ कधी चावतो? नेहमीच?"

"नाही. पाणी तापत असलं की. ते लाल बटण लावलं की."

मुलाने बायकोकडे पाहिलं. एवढा साधा प्रश्न दोघांपैकी कोणी विचारलाच नव्हता.

बाईने गिझर लावला आणि सगळ्यांना बाहेर उभं केलं. पिशवीतून टेस्टर काढून त्याचं टोक नळाला टेकवलं. टेस्टरमध्ये लाल ठिपका उजळला. मंद, पण सगळ्यांना दिसेल असा.

"मेन बंद करा. आत्ता."

मुलगा धावला. मेन बंद झाल्यावर बाईने स्टूल घेतलं, फॉल्स सीलिंगची झडप उघडली आणि टॉर्च मारला.  मग मुलाला वर चढायला लावलं.

"भिंतीतून किती वायरी आल्यात?"

"दोन. काळ्या, जुन्या."

"आणि गिझरच्या बोर्डाकडे?"

"तीन."

"हिरवी कुठे जोडलीय?"

हिरव्या वायरीचं टोक चिकटपट्टी गुंडाळून बाजूला खोचून ठेवलं होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

"जुन्या वायरिंगला अर्थिंगच नाही," बाई म्हणाली. "मिस्त्रीने बोर्ड नवा बसवला, तिसरं भोक नुसतं शोभेला. गिझरमध्ये करंट थोडा गळतोय, त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो नळात उतरतो. तुमच्या पायात रबर, तुम्हाला कळणार कसं? आज झिणझिण्यांवर भागलं. उद्या भागलं नसतं." ती आईजवळ आली. "आजी, मघाशी मी तुमचं लिहिलं नव्हतं. आता सगळ्यात वर लिहिते."

ती गेल्यावर मुलगा आईच्या पलंगावर येऊन बसला. "आई, चुकलं माझं."

"तुझं एकट्याचं काय," आई म्हणाली. "मलाही वाटायला लागलं होतं, डोकं फिरलं म्हणून. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं खोटं सांगू नकोस. फोनवरचं सगळं ऐकू येतं मला."

सून दारातच उभी होती. ती आत आली, सासूच्या पायांशी बसली आणि रडली. आईने तिला रडू दिलं.

दुसऱ्या मिस्त्रीने मेनपासून नवी वायर ओढली, गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच बसवला, गिझर बदलला. त्यासाठी टाइल्स फोडाव्या लागल्या. तशाच टाइल्स पुन्हा मिळाल्या नाहीत, म्हणून भिंतीवर एक पिवळसर पट्टा राहिला. बाईने येऊन तपासून दिलं.

तरी आई नळाला हात लावेना. कोणी आग्रह केला नाही. मुलगा रोज सकाळी अनवाणी आत जायचा, गिझर चालू असतानाच नळ सोडायचा आणि तिला दिसेल असा नळाला हात लावून उभा राहायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा आईच टॉवेल खांद्यावर टाकून आली.

"हो बाजूला," ती म्हणाली. "तुला ऑफिसला उशीर होतो."